अल्कधर्मी द्रावणात औषध टिकत नाही आणि दर खेपेस निकाल वेगळा येतो : कारण कसे शोधावे

तक्रार साधारणतः अशी असते. कृती तीच, कच्चा माल त्याच लॉटचा, द्रावण तयार करणारी व्यक्तीही तीच. तरीही सामू (पीएच) ९ च्या आसपास ठेवलेल्या द्रावणातील औषधाचे प्रमाण एका खेपेस दुसऱ्या दिवशीही ९८ टक्के भरते आणि पुढच्या खेपेस त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत ९० टक्क्यांच्या खाली उतरते. कधी द्रावण गुलाबी होते, कधी गढुळते, तर कधी डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि क्रोमॅटोग्रामवर (घटक वेगळे करून प्रत्येकाचे एक शिखर दाखवणाऱ्या आलेखावर) मात्र मूळ शिखराशेजारी एक अनोळखी शिखर उभे राहते. मग कच्च्या मालावर संशय घेतला जातो, नवा लॉट मागवला जातो, दोन-तीन खेपा चांगल्या जातात आणि प्रश्न सुटला असे वाटू लागते तोच तो परत येतो.

अशा बहुतेक प्रकरणांत औषधाचा स्वभाव बदललेला नसतो. बदललेले असते ते द्रावणातील हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाण, आणि ते आपल्या लक्षात येत नाही, कारण सामू आपण एकदाच, द्रावण तयार करताना मोजतो आणि पुढे तो तसाच राहिला असे धरून चालतो. म्हणून आधी हायड्रॉक्साइड कुठे वाढतो आणि कुठे घटतो ते पाहावे, आणि मगच औषधाच्या रेणूकडे वळावे, असा क्रम मी सुचवतो.

सामूतील ०.३ चा फरक

पाण्यातील औषधाच्या एस्टर (आम्ल व अल्कोहोल यांना जोडणाऱ्या) किंवा तत्सम बंधावर हायड्रॉक्साइड आयन थेट हल्ला करत असेल, तर विघटनाचा वेग त्या आयनाच्या संहतीच्या सम प्रमाणात वाढतो. सामूचे मापन लॉगरिदमिक असल्याने सामू एका अंकाने वाढला की वेग दहापट होतो, आणि केवळ ०.३ ने वाढला तरी जवळजवळ दुप्पट होतो. सामू स्थिर असेल तर विघटन पहिल्या कोटीच्या अभिक्रियेसारखे चालते, आणि औषध ९० टक्क्यांवर येण्यास लागणारा काळ ०.१०५ ला वेगस्थिरांकाने भागून मिळतो. समजा, सामू ८.५ ला हा काळ १० तासांचा आहे, तर ८.८ ला तो साधारण ५ तासांचा आणि ९.५ ला एका तासाचा होईल. कृतीत ‘सामू सुमारे ९ करावा’ असे लिहिलेले असेल, तर त्या ‘सुमारे’ या शब्दातच दोन-तीन पटींचा फरक दडलेला असतो. पहिली दुरुस्ती इथेच करावी: कृतीत सामूची मर्यादा दशांशासह आणि तापमानासह लिहावी.

मात्र हा दहापटीचा नियम सर्वत्र लागू होत नाही. ॲस्पिरिनचे जलअपघटन (पाण्याने बंध तुटणे) सामू ५ ते ९ या पट्ट्यात जवळजवळ एकाच वेगाने चालते, कारण त्याच्या रेणूतील आयनित कार्बोक्झिलेट गट शेजारच्या एस्टर बंधावर पाण्याचा हल्ला घडवून आणण्यास स्वतःच मदत करतो. या पट्ट्यात सामू ८ वरून ६ वर आणण्यासाठी खर्च केलेले श्रम वाया जातात. सामू १० च्या पुढे मात्र हायड्रॉक्साइडचा थेट हल्ला वरचढ ठरतो आणि वेग झपाट्याने वाढतो. म्हणून ज्या औषधाचा प्रश्न आहे, त्याच्या वेगाचा सामूशी असलेला आलेख निदान तीन-चार सामूंवर स्वतः काढून पाहावा.

हायड्रॉक्साइड कुठून येतो, कुठे जातो

सर्वाधिक फसवणारे द्रावण सोडियम बायकार्बोनेटचे असते. ताज्या द्रावणाचा सामू ८.३ च्या आसपास असतो. पण बाटली उघडी राहिली, द्रावण तापवले किंवा निर्वात पंपाने गाळले, तर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचे कार्बोनेटमध्ये रूपांतर होऊ लागते आणि सामू वर सरकतो. निव्वळ कार्बोनेटच्या ०.१ मोलर द्रावणाचा सामू ११ च्याही वर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या सरकण्याला किती वाव आहे हे कळते. त्याच बाटलीतून सोमवारी घेतलेले आणि शुक्रवारी घेतलेले बायकार्बोनेट म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळी द्रावणे होत. ‘काही खेपा चांगल्या जातात, काही जात नाहीत’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा ही अर्धी भरलेली बाटलीच सापडते.

उलट दिशेचा दोषही तितकाच खरा आहे. सोडियम हायड्रॉक्साइडचे विरल द्रावण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्याची ताकद हळूहळू कमी होते. थायोपेंटलसारख्या औषधाच्या सोडियम क्षाराचे द्रावण सामू १० ते ११ ला स्वच्छ असते. पण ते हवेत उघडे राहिले तर शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडने सामू उतरतो आणि मूळ आम्लरूप औषध साक्याच्या रूपात बाहेर पडू लागते. इथे औषध नष्ट झालेले नसते, ते फक्त द्रावणातून बाहेर आलेले असते. हा भेद पुढे पुन्हा लागणार आहे.

काचेकडे फार कमी लोक पाहतात. साध्या सोडा-लाइम काचेतून सोडियम बाहेर झिरपतो आणि ज्या द्रावणात बफर (सामू स्थिर ठेवणारे मिश्रण) नाही त्याचा सामू साठवणीत, विशेषतः ऑटोक्लेव्हमध्ये तापवल्यावर, वर चढतो. तटस्थ सामूला ठेवलेले एस्टर औषध काही आठवड्यांनी बिघडले असेल आणि सामू पुन्हा मोजल्यावर तो वाढलेला दिसला, तर भांडे बदलून बोरोसिलिकेट काचेत तेच द्रावण ठेवून पाहावे. तीव्र अल्कधर्मी द्रावण काचेतील सिलिका विरघळवते आणि काचेचे सूक्ष्म पापुद्रे द्रावणात येऊ शकतात. त्यांना औषधाचा साका समजण्याची चूक होते.

तापमानाचा मुद्दा मी सविस्तर घेतो, कारण त्यावर केलेली चूक आकडेमोडीत लपून राहते. पाण्याच्या स्वयंआयनीभवनाचा स्थिरांक तापमानाबरोबर वाढतो. त्याचा ऋण लॉगरिदम, जो २५ अंश सेल्सिअसला आपण १४ मानतो, तो ६० अंशांना उतरून सुमारे १३ होतो. याचा अर्थ असा की ६० अंशांना सामू ९ दाखवणाऱ्या द्रावणात हायड्रॉक्साइडची संहती २५ अंशांच्या सामू ९ च्या द्रावणापेक्षा दहापट असते. उच्च तापमानावर त्वरित स्थिरता चाचणी करून त्यावरून खोलीच्या तापमानाचा टिकाव काढणारे अनेकजण हा दहापटीचा भाग सक्रियण ऊर्जेच्या खात्यावर टाकतात आणि मग त्यांचे भाकीत प्रत्यक्षाशी जुळत नाही. याच्या जोडीला बफरचा स्वतःचा स्वभाव असतो. ट्रिस बफरचा सामू दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांना ८.० वर बसवलेले ट्रिस शीतकपाटात ५ अंशांना ठेवले की जवळजवळ ८.६ होते. थंडाव्याने विघटन मंद व्हावे म्हणून द्रावण शीतकपाटात ठेवायचे आणि त्याच कृतीने हायड्रॉक्साइडवरील नियंत्रण सोडून द्यायचे, असा हा प्रकार आहे. सामूमापकावरील तापमान-भरपाई याला उपाय नाही, कारण ती केवळ इलेक्ट्रोडच्या प्रतिसादाची भरपाई करते. द्रावणाचा सामू तापमानाने खरोखर बदलला तर तो बदललेलाच राहतो. म्हणून ज्या तापमानाला द्रावण राहणार आहे त्याच तापमानाला सामू मोजावा.

आणखी एक कारण मी माझ्याच कामातून सांगतो. एका एस्टर औषधाचे द्रावण सामू ८.८ वर आणताना काही खेपांत सुरुवातीलाच ३ ते ४ टक्के विघटन दिसत असे, पण सामूची नोंद प्रत्येक वेळी अचूक असे. कित्येक दिवस मी औषधाच्या शुद्धतेत कारण शोधत राहिलो. शेवटी द्रावण तयार करण्याची क्रिया आरंभापासून उभे राहून पाहिली तेव्हा उलगडा झाला: घाई असली की तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड एकदम ओतले जाई, सामू ११ च्या पलीकडे जाई आणि मग आम्लाचे थेंब टाकून तो ८.८ वर परत आणला जाई. मापकाने दाखवलेला शेवटचा आकडा खरा होता, पण त्याआधीच्या दहा मिनिटांत औषधाचे जे व्हायचे ते झालेले होते. त्यानंतर मी दोन नियम केले: विरल हायड्रॉक्साइड, सतत ढवळत, थेंबाथेंबाने घालायचे; आणि सामू मर्यादेच्या पुढे गेलाच तर तो मागे न आणता ती खेप टाकून द्यायची. सामू १२ च्या पुढे साधा काचेचा इलेक्ट्रोड सोडियम आयनांमुळे प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, हेही त्या वेळी ध्यानात ठेवावे लागते.

कोणता बंध तुटतो आहे

हायड्रॉक्साइड ताब्यात आल्यानंतरही विघटन चालू राहिले, तर रेणूकडे पाहावे. प्रोकेनमधील एस्टर बंध अल्कधर्मी द्रावणात सहज तुटतो आणि पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल मिळते. लिडोकेनमधील अमाइड बंध त्याच परिस्थितीत फार चिवट असतो. ॲट्रोपीनचे जलअपघटन होऊन ट्रोपीन आणि ट्रोपिक आम्ल तयार होते. लॅक्टोन वलय (वलयात बांधलेला एस्टर) असलेल्या टोपोटेकनसारख्या औषधांत वलय उघडून कार्बोक्झिलेट रूप बनते, पण सामू उतरवल्यास ते पुन्हा मिटते. त्यामुळे नमुना तपासताना आम्लधर्मी द्रावकात मिसळला तर झालेला बदल चाचणीत दिसतच नाही.

पेनिसिलिन वर्गाचा प्रश्न वेगळा आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. चार अणूंच्या बीटा-लॅक्टम वलयात इतका ताण असतो की साध्या अमाइडला जे हायड्रॉक्साइड काही करू शकत नाही, तेच या वलयाला उघडून पेनिसिलोइक आम्ल तयार करते. ॲम्पिसिलिनमध्ये भर म्हणून एक मुक्त अमिनो गट असतो, आणि तो शेजारच्या दुसऱ्या रेणूच्या बीटा-लॅक्टम वलयावर हल्ला करून जोडरेणू व पुढे बहुरेणू बनवतो. ॲम्पिसिलिन सोडियमचे पाण्यातील तीव्र (अधिक संहतीचे) द्रावण स्वतःच अल्कधर्मी असते, १० टक्के द्रावणाचा सामू ८ ते १० असतो, आणि अल्कधर्मी द्रावणात हा अमिनो गट मोकळा व आक्रमक असतो. परिणामी द्रावण जितके तीव्र, तितके औषध झपाट्याने जाते. निदानासाठी हे फार उपयोगी आहे. तेच औषध, त्याच सामूला आणि तापमानाला, एकदा तीव्र आणि एकदा दहापट विरल करून ठेवावे. साधे जलअपघटन असेल तर दोन्हींत तितकेच टक्के औषध कमी होईल, आणि तीव्र द्रावणात टक्केवारी अधिक घटली तर रेणू एकमेकांवर हल्ला करत आहेत असे समजावे. इतक्या स्वस्तात इतकी माहिती देणारी दुसरी चाचणी मला ठाऊक नाही. याच वर्गात ट्रिससारखा अमाइनयुक्त बफर वापरणे टाळावे, कारण तोही वलयावर हल्ला करू शकतो.

बफर स्वतः उत्प्रेरक होतो, हा मुद्दा पेनिसिलिनपुरता मर्यादित नाही. सामू तोच ठेवून फॉस्फेट बफरची संहती दुप्पट केली आणि वेग वाढला, तर दोष बफरकडेही आहे. अशा वेळी सामू टिकून राहील इतकाच किमान बफर ठेवावा.

रंग बदलत असेल तर जलअपघटनाऐवजी ऑक्सिडीकरणाचा विचार करावा. ॲड्रेनलिन, डोपामिन यांसारख्या कॅटेकॉल औषधांतील फिनॉल गट अल्कधर्मी द्रावणात प्रोटॉन गमावतो आणि त्या रूपातून इलेक्ट्रॉन सहज निघतो. ॲड्रेनलिनपासून गुलाबी ॲड्रेनोक्रोम आणि पुढे तपकिरी बहुरेणू बनतात. तांबे किंवा लोह यांचे अत्यल्प अंशही ही क्रिया वेगाने पुढे नेतात. म्हणूनच या औषधांची इंजेक्शने आम्लधर्मी ठेवलेली असतात, आणि म्हणूनच ती सोडियम बायकार्बोनेटमध्ये मिसळू नयेत किंवा त्याच शिरेवाटेच्या नळीतून एकत्र देऊ नयेत, असा दंडक आहे. रुग्णाला द्यायच्या द्रावणाला अनपेक्षित रंग आला असेल तर ते वापरू नये, एवढे स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. निदानासाठी एक नमुना हवेत आणि दुसरा नायट्रोजनखाली ठेवावा, व तिसऱ्यात धातू बांधून ठेवणारे डायसोडियम एडिटेट घालावे. नायट्रोजनखाली रंग येणे थांबले तर ऑक्सिजन दोषी. एडिटेटने वेग ठळकपणे उतरला तर पाण्यातील वा उपकरणांतील धातूंचा शोध घ्यावा.

सर्वांत अवघड प्रकार असा, ज्यात प्रमाण घटत नाही, रंग येत नाही आणि तरीही औषध बदललेले असते. हायोसायमीनचे द्रावण अल्कधर्मी झाले की त्याचे रेसमीकरण होते आणि दोन प्रतिबिंब-रूपांचे मिश्रण, म्हणजेच ॲट्रोपीन, बनते. साध्या एचपीएलसी (द्रव क्रोमॅटोग्राफी) स्तंभावर दोन्ही रूपे एकाच शिखरात येतात. पायलोकार्पिनमध्ये लॅक्टोन वलय उघडून पायलोकार्पिक आम्ल तर बनतेच, पण आयसोपायलोकार्पिन हे वेगळ्या त्रिमितीय रचनेचे रूपही तयार होते. रेणूत असममित कार्बन असेल आणि त्यावरील हायड्रोजन कार्बोनिल गटाशेजारी असेल, तर प्रमाण शंभर टक्के भरले म्हणून निश्चिंत न होता ध्रुवणमापन किंवा प्रतिबिंब-रूपे वेगळी करणारा कायरल स्तंभ वापरावा.

जे विघटन नाही ते विघटन समजणे

फेनिटॉइनच्या इंजेक्शनचा सामू १२ च्या आसपास असतो आणि त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल व अल्कोहोल असते. ते डेक्स्ट्रोजच्या द्रावणात मिसळले की सामू उतरतो आणि मूळ फेनिटॉइनचे स्फटिक पडतात. गाळलेल्या द्रावणाचे मापन केले तर औषध ‘गेले’ असे दिसते. गाळणीवरील साका सौम्य अल्कलीत विरघळवून मापावा. औषध तिथेच असल्याचे आढळेल. मात्र असा साका पडलेले मिश्रण रुग्णाला देण्यास अयोग्य असते, मग औषध रासायनिकदृष्ट्या शाबूत असो वा नसो.

चाचणीतही दोष निर्माण होतात. अल्कधर्मी नमुना तसाच ठेवून दिला तर नमुना यंत्रात सोडण्याची वेळ येईपर्यंत अभिक्रिया चालूच राहते, आणि रांगेतील शेवटच्या नमुन्यात विघटन अधिक दिसते. ठरलेल्या क्षणी मोजून आम्ल घालून अभिक्रिया थांबवावी आणि नमुना गार ठेवावा. औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून मिथेनॉल मिसळले असेल, तर अल्कलीत त्यापासून मेथॉक्साइड बनते आणि एस्टर किंवा बीटा-लॅक्टमशी अभिक्रिया करून मिथाइल एस्टर तयार करते. हे शिखर विघटनाचे खरे उत्पादन म्हणून नोंदले जाते आणि त्याच्या शोधात महिने जातात. मिथेनॉलऐवजी ॲसिटोनाइट्राइल वापरून तेच शिखर येते का, हे आधी पाहावे. तीव्र अल्कधर्मी नमुना सिलिकाच्या स्तंभावर थेट टाकल्यास शिखरे दुभंगतात आणि सिलिका झिजते. तेव्हा शिखराचा आकार बिघडला म्हणजे औषध बिघडले असे नाही.

यूव्ही शोषणावर विसंबलेले मापन हा आणखी एक सापळा आहे. उत्पादनाचे शोषणही त्याच तरंगलांबीला होत असेल तर प्रमाण शाबूत दिसते. ॲस्पिरिनच्या बाबतीत फेरिक क्लोराइडने येणारा जांभळा रंग मुक्त सॅलिसिलिक आम्लाची साक्ष देतो. अशी एखादी वेगळी, स्वतंत्र खूण प्रत्येक औषधासाठी हाताशी ठेवावी. औषध आणि उत्पादने यांची बेरीज मूळ प्रमाणाशी जुळते का, हेही तपासावे.

उपाय निवडताना

औषध कमी सामूला विरघळत असेल तर सामू उतरवणे हाच सरळ मार्ग आहे. प्रोकेन आणि ॲट्रोपीन ही दोन्ही सामू ३ ते ४ च्या सुमारास सर्वाधिक टिकतात. परंतु ‘अल्कली वाईट, आम्ल चांगले’ असा सर्वसाधारण निष्कर्ष काढू नये. ओमेप्राझोल आम्लात काही मिनिटांत नासते आणि अल्कधर्मी माध्यमातच टिकते, म्हणून त्याचे तोंडावाटे द्यायचे द्रवरूप ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेटमध्ये तयार करण्याची पद्धत आहे. ज्या प्रयोगशाळेत एका औषधाचा उपाय दुसऱ्याला तसाच लावला जातो, तिथे हा घोळ झालेला मी पाहिला आहे.

विरघळण्यासाठी उच्च सामू अपरिहार्य असेल, तर औषध कोरड्या भुकटीच्या रूपात ठेवून वापराच्या वेळीच द्रावण करणे उत्तम. थायोपेंटल आणि ॲम्पिसिलिन यांच्या बाबतीत हेच केले जाते. रेणूला आडोसा देणे हा आणखी एक मार्ग आहे. हिगुची आणि लॅकमन यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले की बेन्झोकेन कॅफीनबरोबर संकुल बनवते तेव्हा त्याचे अल्कधर्मी जलअपघटन मंदावते. पण असा नवा घटक घालण्याआधी वर सांगितलेली साधी कारणे दूर झालेली असली पाहिजेत, अन्यथा एका अनियंत्रित घटकावर दुसरा चढवला जातो.

शेवटी टिकाव ठरवताना सरासरी सामू धरू नये. कृतीत मान्य केलेल्या मर्यादेतील सर्वांत उच्च सामू, साठवणीतील सर्वांत उच्च तापमान आणि वापरातील सर्वांत तीव्र द्रावण एकत्र घेऊन त्यांवर ९० टक्क्यांचा काळ काढावा. तो ६ तास निघाला तर लेबलवर ‘तयार केल्यापासून ६ तासांत वापरावे’ असे तयार केल्याच्या वेळेसह लिहावे; ‘ताजे वापरावे’ या मोघम सूचनेने पुढच्या पाळीतील माणसाला काहीच कळत नाही.